मेंढीच्या पाठीवरचा कॅमेरा: देशाच्या पर्यटनप्रचारात नागरिकांचा वाटा किती असावा?

वाटसरू

नमस्कार मंडळी. गेले काही आठवडे मी फेरो बेटांविषयी मिळेल ते वाचत आहे आणि त्यातून पडलेला एक प्रश्न येथे चर्चेला ठेवावासा वाटतो.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात ही १८ बेटे आहेत. डेन्मार्कच्या राज्यात असूनही १९४८ पासून तेथील अंतर्गत कारभार तेथील लोकच पाहतात. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून कमी. वस्ती ५० हजारांच्या आसपास आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त. अशा देशाकडे मोठ्या जाहिरातींसाठी पैसा कोठून असणार? त्यामुळे त्यांनी जे हाताशी होते तेच वापरले.

२०१६ साली गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू या, नकाशावर रस्त्यांची छायाचित्रे दाखवणाऱ्या सेवेत फेरोचे रस्ते नव्हते. तेथील पर्यटन कार्यालयात काम करणाऱ्या दुरिता दाल आंद्रेआसेन यांनी सौरऊर्जेवर चालणारा, चहूबाजूंचे चित्र टिपणारा कॅमेरा मेंढ्यांच्या पाठीवर बांधला आणि मेंढ्या चरत चरत डोंगरउतारावर जातील तशी छायाचित्रे नकाशावर चढवायला सुरुवात केली. सोबत गूगलला जाहीर आवाहन केले की आमच्याकडेही या. बातमी जगभर गेली. गूगलने आपली उपकरणे बेटांवर पाठवली आणि मग ती स्थानिक लोकांनी व पाहुण्यांनी सायकलवर, होडीवर, पाठीवर वाहून उरलेली बेटे टिपली. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा प्रयोग केला. गूगलच्या भाषांतर सेवेत फेरो भाषा नव्हती, म्हणून लोकांनी स्वतःच भाषांतरकार व्हायचे ठरवले. परदेशातल्या माणसाने एखादे वाक्य पाठवावे आणि फेरोमधल्या कोणीतरी ते आपल्या भाषेत म्हणून दाखवणारी चित्रफीत परत धाडावी.

या दोन्ही मोहिमांत कल्पकता आहेच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मेंढ्या राखणे आणि आपली भाषा बोलणे, ही दोन्ही कामे तेथले लोक मोहिमेच्या आधीही करत होते आणि मोहीम संपल्यावरही करत राहिले. त्यांना कोणी पर्यटकांसाठी वेश चढवायला सांगितले नाही. नागरिकांचा सहभाग म्हणतात तो असा असावा असे मला वाटते. जाणकारांनी आपली मते आणि अनुभव मांडावेत.

---

उत्तरायण

उत्तम विषय. मी बारा वर्षे स्वीडनमध्ये आहे, त्यामुळे येथल्या दोन प्रयोगांविषयी लिहितो.

पहिला प्रयोग डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला. देशाचे ट्विटरवरील अधिकृत खाते दर आठवड्याला एका वेगळ्या नागरिकाच्या हाती द्यायचे आणि त्याने काय लिहावे यावर आधी कोणीही नजर फिरवायची नाही, असे ठरले. सप्टेंबर २०१८ पर्यंत हे चालले. पहिल्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, एका आठवड्याच्या मानकरी बाईंनी ज्यू लोकांविषयी अशी काही विधाने केली की जगभर टीका झाली. तरीही त्यांच्याकडून खाते काढून घेतले नाही आणि उपक्रमही बंद केला नाही. मला तो निर्णय आजही अवघड वाटतो, कारण ती विधाने दुखावणारीच होती. पण त्यानंतर खात्यावर जे लिहिले जाई ते लोकांना खरे वाटू लागले, हेही मी पाहिले आहे.

दुसरा प्रयोग एप्रिल २०१६ चा. स्वीडनने १७६६ साली छापखान्यांवरील पूर्वनियंत्रण कायद्याने उठवले, त्याला २५० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने स्वीडिश पर्यटक संघाने देशाला एक दूरध्वनी क्रमांक दिला. जगातून कोणीही फोन करावा आणि नाव नोंदवलेल्या हजारो स्वीडिश लोकांपैकी जो कोणी त्या वेळी मोकळा असेल त्याच्याशी बोलावे. प्रशिक्षण नाही, ठरवून दिलेली उत्तरे नाहीत. ७९ दिवसांत दीड लाखाहून अधिक फोन आले. एकदा पंतप्रधान स्टेफान लव्हेन यांनीही फोन उचलून बोलणे केले.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत. त्यांनी नाव नोंदवले होते. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे किल्ली परत द्यायला गेलो, तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून बटाटे सोलत होत्या आणि फोन कान व खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता. पलीकडे तुर्कस्तानातला कोणी तरुण होता आणि त्याला विचारायचे होते की हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडल्यावर माणसे करतात तरी काय. बाईंनी सोलणे थांबवले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आम्ही मेणबत्त्या लावतो आणि मार्चची वाट पाहतो. काही जणांना ते फार जड जाते." कोणत्याही पर्यटन माहितीपत्रकात हे शेवटचे वाक्य छापले गेले नसते. मला वाटते, त्या मुलाने स्वीडनविषयी जे काही ऐकले असेल त्यात हेच वाक्य त्याच्या लक्षात राहिले असेल.

---

रोखठोक

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण मोहिमांचे श्रेय मोजताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आइसलंडचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१० मध्ये तेथे एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीचा उद्रेक झाला, युरोपातली विमानवाहतूक जवळजवळ आठवडाभर ठप्प झाली आणि त्या उन्हाळ्यातली आरक्षणे धडाधड रद्द होऊ लागली. सरकार आणि पर्यटन व्यावसायिक यांनी एकत्र येऊन जूनमध्ये मोठी मोहीम काढली आणि तिचा कणा होते सामान्य नागरिक. प्रत्येकाने परदेशातल्या आपल्या ओळखीच्या माणसाला कळवावे की आम्ही ठीक आहोत, तुम्ही या, असे आवाहन झाले आणि लोकांनी ते मनावर घेतले. पुढे अध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रीमसन यांनी पाहुण्यांना घरी पॅनकेक खायला बोलावले. २०१५ मध्ये गुडमुंडुर या तेथे अगदी सर्रास आढळणाऱ्या नावाच्या माणसांना देशाच्या वेगवेगळ्या भागांतून पर्यटकांच्या शंकांना उत्तरे द्यायला बसवले. हे सारे लोभस आहे, यात वाद नाही.

आता आकडे पाहा. २०१० साली आइसलंडमध्ये पाच लाखांहून थोडे कमी परदेशी पाहुणे आले. २०१८ साली ही संख्या सुमारे २३ लाख झाली. तेव्हा देशाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. पण या वाढीला केवळ मोहीम कारणीभूत नव्हती. २००८ मध्ये तेथल्या बँका कोसळल्या, चलन घसरले आणि एरवी महाग असलेला देश परदेशी माणसाच्या आवाक्यात आला. अटलांटिक ओलांडताना तेथे थांबा घेणारी विमाने वाढली. ज्वालामुखीच्या बातम्यांमुळे देशाचे नाव घराघरांत पोचले ते वेगळेच.

आणि त्या वाढीचे पुढे काय झाले? फ्यादरारग्ल्यूवूर नावाची एक सुंदर घळ आहे. एका जगप्रसिद्ध गायकाच्या चित्रफितीत ती दिसली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. तेथल्या थंडीत शेवाळ अतिशय सावकाश वाढते, एकदा पायाखाली गेले की ते पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. शेवटी २०१९ मध्ये ती घळ काही काळ बंद करावी लागली. माझा मुद्दा एवढाच की नागरिकांनी मन लावून आमंत्रण दिले, पण किती पाहुणे यावेत हे ठरवण्याचे साधन त्यांच्या हाती कोणी दिले नाही.

---

पारिजात

फेरो बेटांचा विषय निघाला आहे म्हणून माझा एक छोटा अनुभव सांगते.

एप्रिल २०२० मध्ये आम्ही पुण्यात घरात अडकलो होतो. सासूबाई महिनाभर सोसायटीच्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या आणि त्यांचे कशातच लक्ष लागत नव्हते. त्या वेळी फेरोच्या पर्यटन कार्यालयाने एक सोय केली होती. तेथला एक माणूस डोक्यावर कॅमेरा लावून बाहेर पडे आणि जगातले कोणीही आपल्या मोबाइलवरच्या बटणांनी त्याला डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे चाल, धाव, उडी मार असे सांगू शके. प्रत्येकाला साधारण मिनिटभर मिळे, मग दुसऱ्याची पाळी.

आमची पाळी आली तेव्हा मी मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला. पडद्यावर ओले हिरवे गवत, खाली करडा समुद्र आणि वाऱ्याचा एवढा आवाज की बोललेले ऐकू येत नव्हते. त्यांनी आधी घाबरत एकदाच पुढे चालायचे बटण दाबले. तो माणूस खरोखर चालू लागला. मग त्यांनी त्याला वळवून एका दगडी कुंपणापाशी नेले आणि तेथे थांबवले. धावायला किंवा उडी मारायला त्यांनी सांगितलेच नाही. वेळ संपल्यावर म्हणाल्या, "दमला असेल गं बिचारा, सकाळपासून लोक पळवतायत त्याला." त्या दिवशी रात्री त्यांनी कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केले.

आम्ही फेरोला कधी जाऊ असे वाटत नाही. त्या अर्थाने ती मोहीम आमच्या बाबतीत फुकट गेली असे कोणी म्हणेल. पण एका अनोळखी देशातल्या माणसाने पावसात उभे राहून आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला मिनिटभर बाहेर नेले, हे मी विसरणार नाही.

---

वाटसरू

पारिजात, फार सुंदर लिहिलेत. आपल्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

रोखठोक, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळेच फेरोची तिसरी मोहीम मला सर्वांत मोलाची वाटते. पाहुणे वाढले तशा तेथेही पायवाटा चिखलात बुडू लागल्या होत्या. त्यावर त्यांनी असे केले की एप्रिल २०१९ मध्ये २६ ते २८ या तीन दिवसांसाठी निवडक दहा पर्यटनस्थळे दुरुस्तीसाठी बंद असल्याचे जगाला जाहीर केले. ज्यांना त्या दिवसांत यायचे आहे त्यांनी कामाला यावे. विमानभाडे आपले, राहणे आणि जेवण आमचे. १०० जागा होत्या आणि अर्ज हजारोंनी आले.

निवडलेल्या लोकांनी स्थानिकांच्या बरोबरीने पायवाटा बांधल्या, दिशादर्शक फलक रोवले, वाट चुकू नये म्हणून डोंगरावर रचतात त्या दगडांच्या राशी पुन्हा उभ्या केल्या. शेवटच्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवले. पुढे महासाथीमुळे एक खंड पडला, पण उपक्रम टिकला.

जाहिरात म्हणून पाहिले तर 'आम्ही बंद आहोत' या वाक्याइतके उलटे वाक्य दुसरे नसेल. पण त्या वाक्यात यजमानाचा हक्क आहे. घर आमचे आहे, ते आम्हाला सांभाळायचे आहे, आणि तुम्हाला ते आवडत असेल तर बाह्या सरसावून या, हे ऐकल्यावर जो माणूस तेथे जाईल तो पुन्हा कधी पायवाट सोडून शेवाळावर पाय ठेवणार नाही असा माझा विश्वास आहे. नागरिकांच्या सहभागात आमंत्रण देण्याबरोबरच दार लोटून घेण्याचा अधिकारही असला पाहिजे, हे माझे या धाग्यातले मुख्य म्हणणे आहे.

---

निशिगंध

मी गोव्यातल्या फोंड्याची. कोंकणी माझी घरची भाषा, मराठी शाळेतली. फेरो भाषेच्या मोहिमेविषयी वाचले तेव्हा सर्वांत आधी आमचीच आठवण झाली, कारण गूगलच्या भाषांतर सेवेत कोंकणी २०२२ मध्ये आली आणि फेरो भाषा २०२४ मध्ये. कोंकणी बोलणारे वीस लाखांच्या पुढे आहेत आणि फेरो बोलणारे लाखभरही नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला 'देव बरें करूं', म्हणजे धन्यवाद, हे दोन दिवसांत कोणीतरी शिकवतोच, पण ते हॉटेलच्या फलकावर लिहून शिकवले जाते. फेरोमध्ये मासेमार, विद्यार्थी, दुकानदार कॅमेऱ्यासमोर उभे राहून शब्द म्हणून दाखवत होते. पाहुणा येण्याआधीच त्याला त्या देशातला एक चेहरा आणि एक उच्चार माहीत झाला होता. गोव्यातल्या तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या कलावंतांनी, पाव भाजणाऱ्या पदेरांनी, बाजारात मासळी विकणाऱ्या बायांनी असे केले तर किती छान होईल, असा विचार मनात येऊन गेला.

---

तळकोकणी

परदेशातली उदाहरणे वाचून आनंद झाला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावाचे नाव मी येथे घेतले नाही तर गावात तोंड दाखवता येणार नाही. माझे आजोळ तेथले.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती अंडी काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. येथे हॉटेले नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पडवीत झोपतात, घरचेच जेवतात.

पहाटे काय होते ते सांगतो. कुंपण घातलेल्या जागेत वाळूत पुरलेल्या प्रत्येक घरट्यावर तारीख लिहिलेली असते. राखण करणारा माणूस एकेका घरट्यावरची टोपली उचलून पाहतो. कधी काहीच नसते आणि पन्नासशंभर माणसे तशीच माघारी फिरतात. कधी टोपलीखाली तळहातापेक्षा लहान, काळपट, वाळूने माखलेली पिल्ले एकमेकांवर चढत असतात. ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूतच सोडतात, कारण तेवढे अंतर त्यांनी स्वतः चालून जायला हवे. लोकांना दोरीच्या मागे उभे करतात. एखादे पिल्लू वाट चुकून आडवे निघाले की मुले कळवळून ओरडतात, पण हात लावायचा नाही म्हणजे नाही. माझ्या मामीने एकदा मुंबईच्या एका पाहुण्याला भर किनाऱ्यावर फ्लॅश बंद करायला लावला होता आणि दुपारी त्यालाच आग्रहाने दुसरा मोदक वाढला होता. वाटसरू म्हणतात तो यजमानाचा हक्क आमच्याकडे असा चालतो.

एक काळजीही सांगतो. महोत्सवाची प्रसिद्धी वाढली तशी शनिवार-रविवारची गर्दी वाढली. पिल्ले बाहेर पडण्याचा दिवस कासव ठरवते, सुट्टीचे गणित त्याला कळत नाही. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला पिल्लू दिसले नाही की तो गावकऱ्यांवर चिडतो. प्रसिद्धी करताना 'कदाचित दिसणार नाही' हे तेवढ्याच ठळकपणे सांगितले पाहिजे.

---

रोखठोक

तळकोकणी, आपला शेवटचा परिच्छेद मोलाचा आहे.

वाटसरूंच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. 'नागरिक' हा एकसंध गट नसतो. फेरोमध्ये डोंगरावरची बरीच चराऊ जमीन खाजगी मालकीची आहे. पाहुणे वाढल्यावर काही जमीनमालकांनी पायवाटांवर शुल्क लावले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर फुकट फिरणारे स्थानिक लोकही नाराज झाले. एकाच्या मेंढ्या बिथरतात, दुसऱ्याची खानावळ चालते, तिसऱ्याला दोन्हीशी देणेघेणे नसते.

शिवाय कोणत्याही मोहिमेला देशाची नको असलेली बाजू झाकता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये फेरोमध्ये एकाच दिवशी १,४०० हून अधिक डॉल्फिन मारले गेले आणि त्याची दृश्ये जगाने पाहिली. तेथल्याही अनेकांना ते पटले नाही. मेंढीच्या पाठीवरचा कॅमेरा आणि ती लाल झालेली खाडी एकाच देशातली आहेत. नागरिकांना बोलू द्यायचे ठरवले तर या विषयावरही बोलू द्यावे लागेल, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

---

मनमोकळी

फक्त एक भर घालते. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने डिसेंबर २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर प्रतिज्ञेचा शिक्का मारायला सुरुवात केली. ती प्रतिज्ञा तेथल्या मुलांच्या मदतीने लिहिली आहे आणि मुलांनाच उद्देशून आहे. आपले बेट जपीन असे पाहुणा त्यांना वचन देतो आणि खाली सही करतो. देशात शिरण्याआधी लहान मुलांना शब्द द्यावा लागणे, ही कल्पना मला फार हृद्य वाटते.

---

उत्तरायण

हे सारे वाचताना आपल्या देशाच्या मोहिमांची तुलना मनात येते. 'अतुल्य भारत' २००२ मध्ये सुरू झाली आणि तिची छायाचित्रे, तिचे उद्गारचिन्ह आजही डोळ्यांसमोर आहे. मला तिचा अभिमान आहे. पण नंतरच्या 'अतिथी देवो भव' या जाहिरातींत नागरिकाची भूमिका काय होती ते आठवून पाहा. तेथे एक प्रसिद्ध अभिनेता सामान्य माणसाला समजावत होता की पाहुण्याला फसवू नका, कचरा टाकू नका. शिकवण योग्यच होती. पण स्वीडनमध्ये सामान्य माणूस बोलत होता आणि आपल्याकडे तो ऐकत होता.

वेळासमध्ये मात्र माणसे बोलत आहेत असे दिसते. तळकोकणी, एक विचारायचे आहे. गर्दीच्या दिवसांत किती पाहुणे घ्यायचे हे गावात कोण ठरवते?

---

तळकोकणी

उत्तरायण, मी जे पाहिले तेवढे सांगतो. आजोळच्या आळीत प्रत्येक घर आपापला अंदाज धरते. मामीच्या घरी पडवी आणि माजघर धरून बारा माणसे झोपू शकतात. तिच्या वहीत बारा नावे झाली की ती तेरावे नाव लिहीत नाही आणि फोन करणाऱ्याला शेजारच्या घराचा क्रमांक देते. शेजारची वहीही भरली असेल तर "पुढच्या आठवड्यात मधल्या वारी या, शांत असते" असे सांगते. सरळ पैसे सोडावे लागतात, तरी सांगते. विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये किती खाली जाते हे तिला ठाऊक आहे, आणि बारा हा आकडा तिने त्या पाण्यावरूनच काढला आहे.

येत्या मार्चमध्ये या धाग्यावरच्या कोणाला यायचे असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मधल्या वारची तारीख काढून मामीला विचारून ठेवतो.